बारस संपण्याआधी

बार्शीच्या भगवंताची कथा इथल्या पोरासोरांनाही पाठ असते. अंबरीष राजाचं एकादशीचं व्रत. द्वादशीला पारणं सोडायचं, तर दारात दुर्वास ऋषी उभे. जेवायला थांबा म्हटल्यावर ते स्नानाला गेले आणि परतेचनात. इकडे तिथी सरत आलेली. पाहुण्याआधी जेवावं तर पाहुण्याचा अपमान, न जेवावं तर व्रतभंग. शेवटी राजानं घोटभर तीर्थ घेतलं. पुढचा दुर्वासांचा कोप आणि भक्ताला राखायला धावलेला भगवंत हा भाग कीर्तनकार रंगवून सांगतात. बारशीवरून गावाला बार्शी नाव पडलं, असंही म्हणतात. माझं मन मात्र त्या घोटावर रेंगाळतं. सगळं जुळून येईपर्यंत राजा थांबला नाही. तिथी हातात होती तोवर जेवढं करण्याजोगं होतं तेवढं त्यानं केलं.

अकाली मरण आणि त्याआधी करून ठेवायची कागदपत्रं हा विषय आपल्याकडे घरात काढताच येत नाही. काढला की आई म्हणते, “शुभ बोल रे नाऱ्या.” मृत्युपत्र हे म्हाताऱ्यांनी, तेही इस्टेटवाल्यांनी करायचं, असा सर्वसाधारण समज आहे. खरं तर म्हातारा माणूस जातो तेव्हा मुलं हाताशी आलेली असतात आणि व्यवहार बहुतेक मिटलेले असतात. पस्तिशीतला माणूस जातो तेव्हा कर्ज चालू असतं, लेकरं बालवाडीत असतात, जमीन वडिलांच्या नावावर असते आणि मोबाइलचा पासवर्ड त्याच्या एकट्याच्या डोक्यात असतो. कागदाची खरी निकड तरुणालाच आहे. तो कागद नसला तर काय होतं आणि असला तर किती पुरतो, याचा हा आढावा.

काहीच लिहिलं नाही तर

समजा, वैरागकडचा एक शेतकरी आहे. वय 34. घरात बायको, दोन लेकरं, आई-वडील. रात्रीची लाइट आली म्हणून मोटार चालू करायला गेला आणि स्टार्टरला शॉक लागून गेला. मृत्युपत्र नाही. अशा वेळी हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 बोलू लागतो. त्याच्या स्वतःच्या मिळकतीचे चार सारखे वाटे होतात: बायकोला एक, दोन्ही लेकरांना एकेक आणि आईला एक. वडिलांना काहीच नाही, कारण ते दुसऱ्या वर्गाचे वारस. हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. मुलगा अविवाहित असता तर सगळं आईकडे गेलं असतं. बायको गरोदर असेल, तर पोटातलं बाळ जिवंत जन्मताच तेही वारस ठरतं. ‘दुसरं लग्न केलंस तर हक्क जाईल’ ही धमकी विधवांना आजही दिली जाते. नवऱ्याच्या मिळकतीतला वाटा एकदा मिळाला की पुनर्विवाहानं तो जात नाही.

म्हणजे कायदा निर्दय नाही. मृत्युपत्र नसलं की सगळं सरकारजमा होतं, ही भीतीही फोल आहे. अडचण ‘स्वतःची मिळकत’ या दोन शब्दांत आहे. आपल्या भागात तिशी-पस्तिशीतल्या माणसाच्या नावावर असतं काय? एक मोटारसायकल, बँकेतलं खातं, पीककर्ज, गटाचं कर्ज. सातबारा वडिलांचा. ती जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असेल, तर ते हयात असेपर्यंत सुनेला तिच्यात वाटा मागता येत नाही. वडील काही न लिहिता गेले तर आधी वारलेल्या मुलाची बायको-मुलं वारस म्हणून पुढे येतात. पण वडिलांनी सगळं धाकट्याच्या नावानं लिहून ठेवलं, तर तोही मार्ग बंद. जमीन वडिलोपार्जित असेल तर मुलाचा हिस्सा कायद्यानं त्याच्या वारसांकडे जातो खरा, पण तसं कोणी मान्य केलं तर. नाहीतर दिवाणी दावा आणि तारखा.

त्यात सातबाऱ्याची स्वतःची भाषा. थोरल्याच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, आणि बाकीच्या भावांची नावं कुठल्यातरी जुन्या फेरफारात. लेकरांची नावं लागली तर त्यांच्यापुढे ‘अ.पा.क. आई’, म्हणजे अज्ञान, पालनकर्ती आई. ही तीन अक्षरं लेकरांचं रक्षण करतात, कारण अज्ञानाची जमीन कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. पण मुलाच्या ऑपरेशनसाठी अर्धा एकर काढायची वेळ आली तर त्या आईलाही हीच परवानगी आणावी लागते.

सुतकातलं घड्याळ

घरात माणूस गेला की तेरा दिवस व्यवहार थांबतात. कायद्याचं घड्याळ मात्र चालू राहतं. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची. शेतकरी अपघातात गेला असेल तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या सानुग्रह अनुदान योजनेतून 2 लाख रुपये मिळू शकतात. 10 ते 75 वयाच्या शेतकऱ्याला आणि सातबाऱ्यावर नाव नसलेल्या त्याच्या घरातल्या एका सदस्यालाही ती लागू आहे. सर्पदंश, वीज पडणं, विजेचा धक्का, रस्त्यावरचा अपघात यांचा त्यात समावेश आहे. पण प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्याकडे 30 दिवसांत जायला हवा. सोबत पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल आणि गाव नमुना 6-क ची वारस नोंद लागते. तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वारसानं वर्दी द्यायची मुदत तीन महिने. रस्त्यावर गाडीनं उडवलं असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा करायला 2022 पासून कायद्यानं सहा महिने दिले आहेत.

ज्या बाईनं आजवर बँकेची पायरी चढलेली नाही, तिला कपाळ मोकळं झाल्यावर पहिल्याच महिन्यात हे सगळं करायचं असतं. नवऱ्याचं आधार कार्ड कुठे आहे इथपासून तिची सुरुवात होते. योजना असून पैसे मिळत नाहीत, तेव्हा पुष्कळदा कारण एवढंच असतं की कागद कुठे ठेवलाय हे फक्त गेलेल्यालाच ठाऊक होतं.

वारस नोंदी वर्षानुवर्षं भिजत पडतात, हे सरकारलाही मान्य करावं लागलं. 2025 च्या उन्हाळ्यात महसूल खात्यानं ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर राबवली. आधी ती बुलढाणा जिल्ह्यात झाली होती. मेलेल्यांची नावं काढून वारसांची नावं लावायची, एवढंच तिचं काम. सातबाऱ्यावर मेलेली माणसं जमीन धरून बसलेली असतात, असाच त्या नावाचा अर्थ. तरीही नोंद म्हणजे मालकीचा अंतिम निवाडा नव्हे. हरकत आली की गाडं पुन्हा अडतं.

नॉमिनी नावाचा गैरसमज

“मी बायकोचं नाव नॉमिनीत टाकलंय, मग मृत्युपत्र कशाला?” सुशिक्षितांच्या घरात हा प्रश्न हमखास येतो. सर्वोच्च न्यायालयानं त्याचं उत्तर सरबती देवी विरुद्ध उषा देवी या खटल्यात 1983 च्या अखेरीस दिलं आहे. एक तरुण 1967 मध्ये मृत्युपत्र न करता वारला. मागे आई, बायको आणि अज्ञान मुलगा. विम्याच्या दहा-दहा हजारांच्या दोन पॉलिसी, नॉमिनी बायको. त्या पैशांवरून आई आणि सून कोर्टात एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. न्यायालय म्हणालं, नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा, मालक वारसच. 2015 मध्ये विमा कायदा बदलला आणि आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर विम्याचा लाभ त्यांचाच, असं साधारणपणे ठरलं. बँकेतल्या ठेवी, शेअर, म्युच्युअल फंड यांना हा बदल लागू नाही.

मराठी घरांना जवळचं उदाहरण ‘कालनिर्णय’कार जयंतराव साळगावकर यांचं. 2013 मध्ये ते वारले. त्यांनी 2011 मध्ये मृत्युपत्र करून ठेवलं होतं. तरीही त्यांच्या गुंतवणुकीतल्या नॉमिनींचा हक्क मोठा की मृत्युपत्राचा, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 14 डिसेंबर 2023 ला निकाल लागला: शेअर-फंडांतही नॉमिनी मालक होत नाही, वारसाहक्कच चालतो. तेव्हा दोन्ही कागद करावेत आणि दोन्हींत एकच नाव असावं. नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. सोय चांगली आहे, पण ती पैसे लवकर हाती पडण्याची सोय आहे. ते पैसे कोणाचे, हे तिनं ठरत नाही.

अशीच दुसरी समजूत कुलमुखत्यारपत्राची. ते लिहून देणाऱ्याच्या मरणाबरोबर संपतं. एटीएम कार्ड घेऊन बाराव्या दिवशी खातं रिकामं करणारा भाऊ वारस असला तरी चुकतोय. त्यातून पुढे जी भांडणं पेटतात, ती पैशापेक्षा विश्वासघाताची असतात.

बाई आधी गेली तर

हा भाग बहुतेक लेखांत निसटतो. कायद्याला बाईचं मरण पुरुषाच्या मरणासारखं दिसत नाही. विवाहित हिंदू स्त्री काही न लिहिता गेली तर तिच्या कमाईवर आधी नवरा आणि मुलं. ती नसतील तर नवऱ्याचे वारस. तिचे स्वतःचे आई-वडील त्यांच्या मागे. आई-वडिलांकडून मिळालेली मिळकत तेवढी, मूल नसल्यास, वडिलांच्या वारसांकडे परत जाते.

2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालेलं नारायणी देवीचं प्रकरण वाचताना घास अडकतो. लग्नानंतर तीन महिन्यांत ती विधवा झाली. सासरी थारा मिळाला नाही. आई-वडिलांनी शिकवलं, तिनं नोकरी केली, पैसा साठवला. 1996 मध्ये ती गेली. मृत्युपत्र नव्हतं. तिचा भविष्य निर्वाह निधी आणि बँकेतली शिल्लक तिच्या माहेरच्यांना न मिळता नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांकडे गेली. सहानुभूतीवर कायदा बदलता येत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. हिंदू स्त्रियांनी मृत्युपत्र करावं, असं आवाहन याच न्यायालयानं नोव्हेंबर 2025 मध्ये केलं. दोन सह्यांचा एक कागद नारायणी देवीला पुरला असता.

महाराष्ट्रात या प्रश्नाला वेगळ्या टोकानं हात घातला तो शेतकरी संघटनेनं. शरद जोशींच्या ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत नवऱ्यांनी जिवंतपणीच बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा करून दिला. पुढे 1992 मध्ये सरकारनंही तसा निर्णय काढला. मरणानंतरच्या सगळ्या कागदांपेक्षा हा कागद मोठा, कारण तो करणारा माणूस स्वतः उभा राहून सांगतो की हे तिचं आहे. कोरोनात ऐन उमेदीतले नवरे गेले तेव्हा अशा कागदाची किंमत कळली. हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या साथीदारांनी एकल महिलांसाठी समिती उभी केली, सरकारनं ‘मिशन वात्सल्य’ आणलं. तरी दारात तोच प्रश्न उभा होता: घर आणि शेत कोणाच्या नावावर आहे?

ज्यांच्याकडे काहीच नाही

1 जानेवारी 2023 ला बार्शी तालुक्यात पांगरीजवळ फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट झाला आणि आसपासच्या गावांतून रोजंदारीवर आलेल्या बायका त्यात गेल्या. त्यांच्या बाबतीत मृत्युपत्राची गोष्ट काढणं क्रूर वाटेल. पण आधीची तयारी म्हणजे इस्टेटीची वाटणी, एवढाच अर्थ धरला तर निम्मा तालुका या लेखाबाहेर राहतो.

मजुराच्या मरणानंतर लागतात ते वेगळे पुरावे. तेव्हा लागू असलेल्या 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यात रक्कम महिन्याच्या मजुरीवर आणि वयावर ठरायची. मजुरीचा पुरावा म्हणजे काय? रोख हातात, तोंडी हिशेब. अज्ञान मुलगा थेट अवलंबित धरला जायचा, पण मरणारी बाई असेल तर नवऱ्याला आपण तिच्या कमाईवर अवलंबून होतो हे दाखवावं लागायचं. आयुष्यभर ‘ती थोडाफार हातभार लावते’ असं सांगितलेल्या नवऱ्याला! अशा घराची तयारी साधी असते. लेकरांचे जन्मदाखले, रेशनकार्डावर सगळ्यांची नावं, आधारावरचं आणि बँकेतलं नाव एका अक्षरानंही वेगळं नसणं, आठवड्याच्या मजुरीची वहीतली नोंद. 20 रुपयांचा अपघात विमा आणि 436 रुपयांचा जीवनज्योती विमा, दोन्ही वर्षाचे, 2 लाखांपर्यंतचे. मात्र मेअखेरीस खात्यात तेवढे पैसे नसले तर छत्र उडून जातं आणि घरच्यांना ते मागाहून कळतं.

याच्या उलट टोकाला आपल्या बाजारपेठेतला माणूस. आडतीवर उचल, कच्च्या चिठ्ठ्या, ‘नंतर बघू’ म्हणून दिलेले हातउसने. त्याची खतावणी त्याच्या डोक्यात असते. तो गेला की देणेकरी गप्प बसतात आणि घेणेकरी दारात येतात. वारसांवर बोजा येतो तो मिळालेल्या मिळकतीपुरताच. बापाचं कर्ज मुलानं फेडलंच पाहिजे हे ‘पवित्र कर्तव्य’ 2005 नंतरच्या कर्जांना कायद्यानं उरलेलं नाही. शिवाय 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली बायको-मुलांच्या नावे काढलेला विमा सावकारांच्या हाती सहसा लागत नाही. पॉलिसी घेतानाच तसं लिहून द्यावं लागतं. नंतर ते जमत नाही.

सूचना मिळूनही

अचानक मरणाला निदान ‘वेळच मिळाला नाही’ ही सबब आहे. बार्शीला दुसरं मरणही जवळून ठाऊक आहे. इथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या 346 गावांतून कोण आजारी आणि कोण गेलं याची नोंद घेणारी ती यंत्रणा. शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून अधिक बायकांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास झाला आणि 2009 मध्ये निष्कर्ष आले. एकाच एचपीव्ही तपासणीनं मृत्यू सुमारे निम्म्यावर आले होते. वेळेआधी एकदा डोकावून पाहिलं तर काय साधतं, याचा जगाला दाखला याच मातीनं दिलाय.

पण निदान झाल्यावरही कागद होत नाहीत. रुग्णाला सांगायचं नाही म्हणून घरचे गप्प, घरच्यांना वाईट वाटेल म्हणून रुग्ण गप्प. शेवटच्या आठवड्यात, नळ्या लावलेल्या हाताचा अंगठा उठवून घेतलेलं मृत्युपत्र पुढे कोर्टात टिकवणं अवघड जातं. उपचार कुठवर करायचे हेही आधी लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये त्याला मान्यता दिली आणि 2023 मध्ये रीत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. व्हेंटिलेटरचा निर्णय रात्री दोन वाजता मुलीच्या गळ्यात पडू नये, एवढा तरी त्याचा उपयोग आहे.

कागद कसा असावा

मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही. साधा कागद चालतो. ‘मी शुद्धीवर असून, राजीखुशीनं, कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवतो की’ अशी सुरुवात, मग काय आहे, कुठे आहे, कोणाला. सही दोन साक्षीदारांसमोर आणि त्यांच्या सह्या आपल्यासमोर. साक्षीदार आपल्याहून तरुण असावेत, कारण उद्या त्यांतल्या एकाला तरी कोर्टात सांगावं लागेल. ज्याला मिळकत मिळणार त्याला साक्षीला उभं करू नये. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. बार्शीसारख्या गावात हिंदू मृत्युपत्राला प्रोबेटची, म्हणजे ते कोर्टाकडून प्रमाणित करून घेण्याची, सक्ती नाही. मत बदललं तर नवं लिहावं. शेवटचं तेच खरं. मुस्लिम घरांत मृत्युपत्रानं साधारण एक तृतीयांशापर्यंतच देता येतं. त्यापलीकडे वारसांची संमती लागते.

हे हत्यार दुधारी आहे, हेही सांगितलं पाहिजे. 1994 मध्ये महाराष्ट्रानं आणि 2005 मध्ये देशानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क दिला. त्यानंतर मुलींना बाजूला सारण्याच्या दोन वाटा उरल्या: रक्षाबंधनाच्या मायेत लपेटलेलं हक्कसोड पत्र आणि वडिलांकडून लिहून घेतलेलं मृत्युपत्र. ज्याला लाभ त्यानंच पुढाकार घेऊन लिहून घेतलं असेल तर न्यायालय संशयानं बघतं, हे तत्त्व 1959 पासून पक्कं आहे. पण कोर्टात जाणारी बहीण माहेर गमावते, म्हणून बहुतेकजणी जातच नाहीत. तेव्हा ‘मृत्युपत्र आहे का’ एवढा प्रश्न पुरत नाही. तो कागद घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसाला राखतो की वगळतो, हे पाहावं लागतं.

कागदानं सगळं सुटत नाही. भाऊबंदकी मिटत नाही, हरकती थांबत नाहीत, आणि गेलेलं माणूस तर परत येतच नाही. कागद एवढंच करतो की तहसीलच्या खिडकीसमोर उभ्या राहिलेल्या बाईच्या हातात पहिल्या दिवशी काहीतरी असतं. पिशवीत एक वही. वहीत खात्यांचे नंबर, पॉलिसीचा कागद कुठे, कोणाचं किती देणं, कोणाकडून किती येणं, मोबाइल कसा उघडायचा. मागे दोन सह्यांचं मृत्युपत्र. एका रविवारी दुपारी होण्याजोगं हे काम आहे. वाटणी पूर्ण होऊ दे, कर्ज फिटू दे, घर बांधून होऊ दे, मग करू, असं म्हणत ते राहून जातं. अंबरीषानं दुर्वासांची वाट बघत बसायचं ठरवलं असतं तर बारस निघून गेली असती.